लोहाऱ्याचा दगड, साकचीची भट्टी आणि आता सुरजागड: खनिकर्म विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव आणि सर्व अधिकारी,
उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. नोकरी सगळी भिलाईला झाली, ब्लास्ट फर्नेसच्या (लोखंड वितळवणाऱ्या उंच भट्टीच्या) कास्ट हाउसवर. टॅपहोल फोडून लोखंड वाहतं करायचं, रनरच्या पाटातून ते लेडलच्या भांड्यापर्यंत पोचवायचं, वर तरंगणारा स्लॅग, म्हणजे मळी, वेगळा काढायचा आणि ओतणं संपलं की मातीने तोंड बुजवायचं. पोटासाठी केलं, पण जीव लावून केलं. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वाटलं, लोखंडाशी संबंध संपला. मग आलापल्ली-आष्टी रस्त्यावर गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातला दगड नेणारे, लाल धुळीने माखलेले ट्रक दिसू लागले. त्यातून पडलेला एक दगड मी उचलून घरी आणला. हेमॅटाइट, म्हणजे ज्यातून लोखंड काढतात तो दगड. मुठीएवढा, पण हात खाली ओढेल असा जड. कौलावर घासला तर तांबडी रेघ उमटते. भिलाईला वर्षानुवर्षं हाच दगड पाहिला होता, फक्त तो छत्तीसगढातल्या राजहऱ्याहून यायचा.

गडचिरोलीत पोलाद कारखाने व्हावेत, असं शासन म्हणतं. मलाही ते हवेत. भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस भट्टीला विरोध कशाला करील? पण आपल्या भागाच्या दाराशी हा उद्योग पहिल्यांदाच आलेला नाही. तो एकदा येऊन परत गेला आहे. का गेला, आणि जिथे गेला तिथे काय घडलं, हे आपल्या टेबलावर असायला हवं म्हणून हे पत्र.

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूवैज्ञानिकाचा एक अहवाल निघाला. विषय होता चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातलं लोखंड. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. या मुलखातला सगळ्यात चांगला दगड लोहारा गावाजवळ आहे आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ आहे, असा त्या अहवालाचा सूर होता. जमशेटजी टाटांनी तो वाचला. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली होती, त्यामुळे हा भाग त्यांना परका नव्हता. हिंदुस्थानात स्वतःचं पोलाद काढायचं हा विचार त्यांच्या मनात ज्या कागदावरून रुजला, त्या कागदावर आपल्या जिल्ह्याचं नाव होतं.

त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला पाठवून तपासून घेतला. तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही. त्यात खाणी भाड्याने देण्याचे सरकारी नियम इतके जाचक की कोणी व्यापारी पैसा घालायला धजेना. योजना सतरा वर्षं बासनात गेली.

कोळसा कामाचा नव्हता म्हणजे काय, हे जरा सांगू द्या, कारण सगळी गोष्ट तिथेच अडली. भट्टीत वरून दगड, कोक (हवाबंद भट्टीत भाजून काढलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी यांचे थर पडतात, खालून तापवलेली हवा मारतात. उतरता उतरता दगड मऊ होतो, वितळतो. चुनखडी दगडातल्या मातीला घेऊन स्लॅग होते. तळापर्यंत घट्ट उभा राहतो तो एकटा कोक. वरच्या शेकडो टनांचं ओझं तो पेलतो आणि आपल्या फटींतून हवेला वर जायला वाट देतो. कोक पिचला, त्याचा भुगा झाला, की हवा अडते आणि माल मध्येच लटकतो. 'भट्टी हँग झाली' असं आम्ही म्हणायचो, आणि तसं झालं की पाळीवरच्या कुणालाच जेवण आठवायचं नाही. असा कोक व्हायला कोळसा तापवल्यावर वितळून एकजीव व्हावा लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा तसा होत नाही. वीजघरात चालतो, पण कोकभट्टीत त्याचा भुगाच हाती येतो. लोहाऱ्याचा दगड कितीही चोख असला तरी त्याला उभं धरणारा कोक जवळ नव्हता.

१८९९मध्ये दोन गोष्टी झाल्या. मेजर माहोन यांनी हिंदुस्थानात पोलाद उद्योग उभारावा असा अहवाल दिला आणि कर्झन यांच्या सरकारने खाणींचे नियम सैल केले. साठी गाठलेले जमशेटजी पुन्हा कामाला लागले. १९०० साली लंडनला जाऊन ते भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले. १९०२ला अमेरिकेत गेले, क्लीव्हलंड आणि पिट्सबर्गचे कारखाने पाहिले आणि न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरच्या कचेरीत थेट जाऊन उभे राहिले. पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकाला इकडे पाठवलं. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा आणि भाचे शापुरजी सकलातवाला पहिल्यांदा आले ते आपल्या चांद्यातच. बैलगाड्या, उन्हाळा, जंगल. लोहाऱ्याचा दगड चांगला होता, पण मोठी भट्टी वर्षानुवर्षं चालेल एवढा साठा नव्हता आणि कोळशाचं दुखणं तसंच होतं. इथे जमणार नाही, असं वेल्ड यांनी सांगून टाकलं.

दोराबजी ते कळवायला नागपूरला सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्याला भेटायचं तो जागेवर नव्हता. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि त्यावर दुर्गच्या बाजूचा एक भाग गडद रंगवून लोखंड दाखवलेलं होतं. त्या भागाची पाहणी प्रमथनाथ बोस यांनी केली होती, १८८७च्या सुमारास. एका हिंदी भूवैज्ञानिकाने पायी फिरून केलेलं काम नकाशावर भिंतीला लागून राहिलं होतं, कितीतरी वर्षं.

नकाशा घेऊन ही मंडळी निघाली. दुर्गच्या जंगलात एका खेड्याजवळ त्यांना काही बाया-माणसं भेटली, डोक्यावर लोखंडी दगडाच्या टोपल्या. ते अगरिया, पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारे लोक. दगड कुठून आणता, असं विचारल्यावर त्यांनी लांबच्या टेकडीकडे बोट केलं. ती राजहऱ्याची टेकडी. जगातल्या उत्तम दगडांत मोडावा असा दगड तिथे होता. पण भोवतालचा मुलूख कोरडा, भट्टीला लागतं तेवढं पाणी नव्हतं. ती जागाही सुटली.

याच सुमाराला बोस यांचं पत्र मुंबईला आलं, २४ फेब्रुवारी १९०४ या तारखेचं. भूसर्वेक्षण खात्यात त्यांना डावलून कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला बढती दिली गेली, म्हणून १९०३मध्ये त्यांनी खातं सोडलं होतं आणि ते मयूरभंज संस्थानात कामाला लागले होते. तिथल्या गोरुमहिसानीच्या डोंगरात मोठा साठा आहे आणि झरियाचा कोळसा आवाक्यात आहे, असं त्यांनी कळवलं. दुर्गचा नकाशा आणि गोरुमहिसानीचं पत्र, दोन्ही एकाच माणसाची देणगी. जमशेटजींना यातलं फळ दिसलं नाही. १९ मे १९०४ला जर्मनीत बाट नाउहाइम इथे ते वारले.

मग जागा ठरली साकची, सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळची. दगड दक्षिणेला, कोकचा कोळसा उत्तरेला, पाणी दाराशी, कालीमाटीचं रेल्वे स्टेशन जवळ. चांद्याला ज्या गोष्टी एकत्र मिळत नव्हत्या त्या तिथे मिळाल्या. लंडनच्या बाजाराने भांडवल द्यायला हात आखडला तेव्हा स्वदेशीच्या दिवसांत मुंबईत समभाग विक्रीला काढले. कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ची. टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत लोक उभे असत. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी १६ लाख ३० हजार पौंड उभे केले. पुढे चालू खर्चासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. मराठी माणूस या उद्योगात सुरुवातीपासून कसा होता असं कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगतो: चांद्याचा अहवाल आणि ग्वाल्हेरचा पैसा.

२७ फेब्रुवारी १९०८ला साकचीत पहिली खुंटी ठोकली गेली. २ डिसेंबर १९११ला भट्टीतून पहिलं लोखंड आलं आणि १६ फेब्रुवारी १९१२ला पहिलं पोलाद. पहिल्या महायुद्धात तिथले रूळ मेसोपोटेमियात आणि पॅलेस्टाईनमध्ये अंथरले गेले. १९१९मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीचं नाव जमशेदपूर केलं. युद्धानंतर परदेशी स्वस्त पोलादाने कंपनीचं कंबरडं मोडायची वेळ आली, ती १९२४च्या संरक्षण कायद्याने टळली.

इथवरची गोष्ट सगळीकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. मला जी बोलायची आहे ती बाजू कास्ट हाउसच्या जमिनीवरून दिसते.

१९११ला भट्टी पेटली तेव्हा ती चालवणारे हात कोणाचे होते? भट्टीवर, मिलवर, कोकभट्टीवर कराराने आणलेले अमेरिकन, जर्मन, इंग्रज. स्थानिक माणूस होता टोपलीशी, फावड्याशी. जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं १९२१ला, पहिलं लोखंड वाहिल्यानंतर दहा वर्षांनी. त्याआधी १९२०मध्ये मजुरांचा मोठा संप होऊन गेला होता, १९२२मध्ये आणखी एक झाला. दहा वर्षं म्हणजे एका माणसाच्या उमेदीचा अर्धा काळ. त्या दहा वर्षांत जे टोपलीला लागले ते टोपलीलाच राहिले.

आणि अगरियांचं काय झालं? त्यांच्या हातात लोखंड गाळण्याची विद्या होती. छोटी मातीची भट्टी, दोन भाते, लाकडी कोळसा, आणि ज्वाळेच्या रंगावरून आतलं ओळखणारी नजर. मी सांगतो, ज्वाळेचा रंग वाचता येणं ही सोपी गोष्ट नाही, मला ती यायला कैक वर्षं लागली. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी त्यांना लाकूडतोड बंद केली, बऱ्याच ठिकाणी प्रत्येक भट्टीमागे कर बसवला आणि विलायती लोखंड बाजारात स्वस्त आलं. त्यांच्या भट्ट्या थंड पडल्या. राजहऱ्याची टेकडी त्यांनी बोट करून दाखवली आणि त्याच टेकडीच्या दगडावर ४ फेब्रुवारी १९५९ला भिलाईची पहिली भट्टी सुरू झाली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. भिलाईने माझं घर चालवलं, मुलं शिकवली, त्या टेकडीचं मी खाल्लेलं आहे. म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

राजहऱ्याच्या खाणींवर कंत्राटी मजुरांना माणसासारखी मजुरी मिळायला १९७७ साल उजाडावं लागलं. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला, गोळीबारात माणसं मेली, आणि १९८३मध्ये मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय काढलं. आज तिथला चांगला दगड संपत आला आहे आणि भिलाईची नजर रावघाटकडे आहे. डोंगर एकदाच खणता येतो.

नागपूर जिल्ह्यात पेंचच्या काठावर नायकुंड आहे. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, शिळावर्तुळं रचणाऱ्या लोकांच्या काळातली, म्हणजे अडीच हजार वर्षांहूनही जुनी. विदर्भातल्या माणसाला लोखंड शिकवायला बाहेरून कुणी यावं लागतं, असं मानू नका.

वरोऱ्याचा कोळसा कोक देत नाही, ही १८८२ची अडचण आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. स्पंज आयर्नच्या (दगड न वितळवता काढलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या) फिरत्या भट्टीला कोक लागत नाही, साधा दगडी कोळसाही चालतो, म्हणून तर घुग्घुस-चंद्रपूरच्या बाजूला ते कारखाने आले. कोक नसला म्हणजे लोखंड होत नाही, हे तेव्हाही पूर्ण खरं नव्हतं. सर विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने म्हैसूर संस्थानाने भद्रावतीला १९२३मध्ये लाकडी कोळशावर भट्टी चालू केली. पुण्यात शिकलेला तो इंजिनिअर. तिथे राज्याने ठरवलं आणि केलं. पण याची दुसरी बाजू आम्ही रोज छातीत ओढतो: २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत टाकलं. स्पंज आयर्नचा धूर कोणत्या रंगाचा असतो हे इथल्या बाईला वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं. म्हणून नवी भट्टी गडचिरोलीतल्या कोंसरीला येवो की आणखी कुठे, तिचा धूर गाळणारी यंत्रणा रात्रपाळीतही चालू आहे की नाही, हे गावाला पाहता आलं पाहिजे.

आता माझं मागणं.

पहिलं आणि सगळ्यात मोठं मागणं शिकवण्याचं आहे. साकचीची दहा वर्षं आपण पुन्हा वाया घालवू नका. भट्टी पेटण्याआधी एटापल्ली, भामरागड, चामोर्शी, अहेरीची मुलं-मुली तयार व्हायला हवीत. वेल्डिंग आणि ड्रायव्हिंगचे सहा महिन्यांचे वर्ग मी यात धरत नाही. भट्टीचं रसायन, रिफ्रॅक्टरीचं (भट्टीच्या आतल्या उष्णतारोधक विटांचं) काम, कंट्रोल रूम, प्रयोगशाळेत नमुना तपासणं, हे शिकवा. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथे धातुशास्त्र शिकवा आणि प्रवेशात जिल्ह्यातल्या माडिया-गोंड मुलांचा वाटा ठरवून द्या. चालू कारखान्यांत त्यांना दोन-दोन वर्षं उमेदवारीला पाठवा. भरतीचे आकडे जाहीर करताना सुरक्षारक्षक, सफाई, बागकाम एका रकान्यात आणि भट्टी, मिल, प्रयोगशाळा दुसऱ्या रकान्यात दाखवा. एकूण रोजगाराचा आकडा सांगितला की खरी गोष्ट झाकली जाते.

दुसरं, दगडाचा हिशेब. डोंगरातून वर्षाला किती टन उचलले, त्यातले किती जिल्ह्यात वितळले आणि किती कच्चे बाहेर गेले, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि माडियात लिहा. भंडारा-नागपूरच्या पट्ट्यातलं मॅंगनीज इंग्रजांच्या काळात बोटी भरभरून कच्चंच परदेशी गेलं, हे आपल्या खात्याला सांगायला नको.

तिसरं, ग्रामसभा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आहे, २००६चा वनहक्क कायदा आहे. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. तेव्हा इथल्या ग्रामसभेला काही कळत नाही, असं समजून कुणी अधिकाऱ्याने सह्यांचा कागद पुढे करू नये. ठाकूरदेवाचा डोंगर कोणता, पाण्याचा झरा कोणता, हे त्यांना विचारा आणि नकाशात ते आधी काढा. राजहऱ्याचा डोंगर दाखवणारं बोटही अशाच जंगलातल्या माणसांचं होतं.

आणि एक छोटं मागणं, मंत्रालयात बसून एका सहीने होईल असं. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, एक दालन लोखंडाला द्या. नायकुंडची भट्टी, लोहाऱ्याचा दगड, श्वार्ट्झचा अहवाल, दुर्गचा तो भाग गडद रंगवलेला नकाशा, आणि अगरियांचा भाता. गडचिरोलीच्या आश्रमशाळांच्या सहली तिथे न्या.

मी थकलेलो नाही. ज्वाळा अजून वाचता येते आणि चार पोरांना ती वाचायला शिकवण्याइतका आवाजही आहे. वर्ग सुरू केलात तर एक दिवसाआड येईन, मानधन नको, फक्त मुलांसाठी हेल्मेट, काळ्या काचा आणि जाड बूट यांची तजवीज पहिल्या दिवसापासून असावी.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
ब्लास्ट फर्नेसवरचा एक निवृत्त कामगार
जिल्हा चंद्रपूर